उजव्या कोपऱ्यातला ठिपका

माझगावच्या उताराला, गोदीच्या भिंतीलगत
एक टॉकीज होती. आता तिथे टायरांचं गोदाम आहे.
वरच्या खोलीत दोन यंत्रं, मधोमध लाकडी स्टूल,
आणि स्टुलावर माझे पपा, कैतान मुर्झेलो,
गंजीफ्राकात, कार्बनच्या धुरानं खोकत.

आई गेल्यावर मला ठेवायचं कुठे हा प्रश्न होता.
शाळा सुटली की मी तिथेच,
रिळांच्या डब्यावर वही ठेवून पाढे लिहायची.
खाली तीनला, सहाला, नऊला
एक पाववाला मरायचा.

जुना सिनेमा, अंगभर ओरखडे पडलेला.
दुष्काळात ज्यानं त्याची भट्टी जाळली
त्यालाच तो शेवटचा पाव देतो
आणि पहाटेआधी दुकानाच्या पायरीवर कलंडतो.
खाली गोदीकामगार नाकं शिंकरायचे.
कुणाची विडी हातातच विझायची.
मी विचारलं, पपा, तुम्हाला रडू येत नाही?
म्हणाले, मी त्याला मरताना पाहिलंच नाही गं.
मी कोपरा बघतो.

वर, उजव्या कोपऱ्यात, रीळ संपत आलं की
एक ठिपका येतो, पापणी लवेपर्यंत.
पहिल्या ठिपक्याला दुसरं यंत्र चालू करायचं,
दुसऱ्याला उजेड तिकडे सोपवायचा.
मधे सातआठ सेकंद.
पपा ती घड्याळावर मोजत नसत.
नमो मारिया म्हणत, भरभर, ओझं उतरवल्यासारखी,
आणि प्रार्थनेत मरणाची वेळ येते
नेमका तिथे त्यांचा हात खटक्यावर पडायचा.

ठिपका सगळ्यांसमोरच येतो, म्हणायचे,
दिसतो मात्र तेल भरून जागणाऱ्याला.
पुढे प्रवचनात दहा कुमारींची गोष्ट आली
तेव्हा शहाण्या पाचजणी मला
गंजीफ्राकातच दिसल्या.

रात्री रीळ उलटं गुंडाळायचं काम माझं.
हँडल फिरवताना मला ठाऊक असायचं:
आता पाववाला पायरीवरून उठतोय,
पाव त्याच्या हातात परत येतोय,
राखेतून भट्टी उभी राहतेय.
एकदा म्हटलं, पपा, आईचं असं करता येईल?

त्यांनी माझा हात थांबवला.
बराच वेळ बोटांचं तेल पुसत राहिले.
मग म्हणाले, हे नुसतं गुंडाळणं झालं, बाय.
यात माणूस उठतो तो पुन्हा पडायलाच,
उद्या तीनच्या खेळाला.
तिसऱ्या दिवशी जो उठला
त्याच्या हातांची भोकं तशीच होती की नाही?
उलटं गुंडाळलं असतं तर बुजली असती.

म्हणजे आई येईल ती खोकल्यासकट?
ते मला माहीत नाही, म्हणाले. फादरना विचार.
मी विचारलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या सणानंतर चार दिवसांनी,
भायखळ्याच्या इस्पितळात पपा
छताच्या उजव्या कोपऱ्याकडे टक लावून होते.
माझ्या पोटात खड्डा पडला.
ते म्हणाले, त्या पंख्याला तेल घालायला सांग कुणाला तरी.
नर्स हसली. मीही हसले.

संध्याकाळी डोळे पुन्हा तिकडेच,
आणि उजव्या हाताची बोटं
चादरीवर काहीतरी चाचपू लागली.
मी नमो मारिया सुरू केली, भरभर,
आणि त्यांची नजर जिथे, तिथेच माझी:
चुन्याचे पोपडे, एक जळमट, ओलीचा डाग.
प्रार्थना संपली. मी खाली पाहिलं.

त्यांना मरताना मी पाहिलंच नाही.
शेजारच्या खाटेवरचा माणूस संत्रं सोलत होता,
तो सोलतच राहिला.
मधे कुठे काळोख पडलाच नाही.